सापडलेले चित्रण आणि हरवलेला वक्ता : भयपटाच्या एका प्रकाराचा भाषाशास्त्रीय विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

इसवी सन १९९९ च्या जुलै महिन्यात अमेरिकेत 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' नावाचा एक चित्रपट सर्वत्र प्रदर्शित झाला. डॅनिएल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ हे त्याचे दिग्दर्शक. मेरिलँड राज्यातील अरण्यात १९९७ च्या ऑक्टोबरमध्ये अवघ्या आठ दिवसांत त्याचे मुख्य चित्रण झाले होते. तीन अपरिचित नटांच्या हाती दोन साधे कॅमेरे देऊन त्यांनाच चित्रण करावयास लावले होते. संवाद लिहिलेले नव्हते. प्रसंगांचा केवळ आराखडा होता आणि पुढे काय करावयाचे याच्या चिठ्ठ्या नटांना रानातच मिळत. या चित्रणास आलेला खर्च काही दशसहस्र डॉलरांच्या पलीकडे गेला नाही. चित्रपटाचे जगभरातील उत्पन्न मात्र २४ कोटी डॉलरांहून अधिक झाले.

या यशाची आर्थिक कारणमीमांसा पुष्कळ झाली आहे. भाषेच्या अभ्यासकास पडणारा प्रश्न निराळा आहे. ज्या चित्रपटात भूत दिसत नाही, चेटकीण दिसत नाही, हत्या दिसत नाही, ज्याचे चित्र हलते, अंधुक होते आणि पुष्कळदा काळेच राहते, तो चित्रपट प्रेक्षकास इतका भयभीत का करतो? सफाईने केलेल्या आणि खर्चिक भयपटांना जे साधत नाही ते या ओबडधोबड चित्रणास कसे साधले?

या प्रकारास मराठीत 'सापडलेल्या चित्रणाचा भयपट' असे म्हणता येईल. कोणा व्यक्तीने काही चित्रित केले, ती व्यक्ती नाहीशी झाली, मागाहून ते चित्रण हाती लागले आणि तेच आता प्रेक्षकापुढे ठेवले आहे, अशी त्याची भूमिका असते. 'सापडणे' हे क्रियापद येथे विशेष अन्वर्थक आहे. 'शोधणे' या क्रियेस कर्ता लागतो. 'सापडणे' या क्रियेत वस्तू आपण होऊन पुढे येते. ती कोणास सापडली, त्याने तिचे पुढे काय केले, कोणता भाग ठेवला आणि कोणता गाळला, हे सांगण्याचे बंधन वाक्यरचनेवर पडत नाही. ज्या वाक्यातून सांगणारा इतक्या सहजपणे लुप्त होऊ शकतो, त्या वाक्यावर हा सर्व चित्रपटप्रकार उभा आहे. प्रस्तुत लेखाचा विषय हा लुप्त झालेला वक्ता होय. चंद्रपूर आणि गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांत या प्रश्नास केवळ कलाविचाराचे महत्त्व उरलेले नाही, हेही पुढे दिसून येईल.

२. ज्ञानाचा स्रोत आणि व्याकरण

एखादी घटना सांगताना ती आपणास कशी कळली हेही सांगणारा दुसऱ्याच्या विधानाला साक्षीचे मूल्य किती, हे ठरविण्याचे साधन श्रोत्याच्या हाती देत असतो. काही भाषांत हे व्याकरणानेच आवश्यक केलेले असते. दक्षिण अमेरिकेतील तुयुका भाषेत क्रियापदाच्या रूपावरूनच घटना पाहिली, ऐकली, अनुमानिली की दुसऱ्याकडून कळली हे ओळखता येते. रोमान याकोब्सन यांनी १९५७ साली बल्गेरियन भाषेच्या आधारे या कोटीस स्वतंत्र नाव सुचविले. तिला येथे 'साक्ष्यदर्शकता' म्हटले आहे.

भारतीय वैयाकरणांना हा विचार अपरिचित नव्हता. वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या, म्हणजे परोक्ष, भूतकालीन घटनेसाठी पाणिनीने लिट् हा लकार सांगितला आहे. त्या सूत्रावरील चर्चेत पुढे एक मार्मिक शंका उपस्थित झाली. वक्ता स्वतःच्याच कृतीविषयी बोलत असेल तर ती त्यास परोक्ष कशी असू शकेल? उत्तर असे की, निद्रिस्त अथवा मत्त मनुष्याची कृती त्याची स्वतःची असूनही त्यास परोक्षच असते. पतंजलीने याच ठिकाणी शाकटायनाची हकिकत दिली आहे. हा वैयाकरण रस्त्याच्या कडेस बसला असता गाड्यांचा तांडा त्याच्या समोरून गेला, पण मन अन्यत्र असल्यामुळे तो त्यास कळलाच नाही. डोळ्यांपुढे घडणे म्हणजे प्रत्यक्ष होणे नव्हे, हा त्यातील बोध आहे. या दोन्ही दृष्टांतांकडे पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

मराठीत साक्ष्यदर्शकता सक्तीची नाही, परंतु तिची साधने भरपूर आहेत. 'काल रात्री शिवारात वाघ आला', 'काल रात्री शिवारात वाघ आला असावा' आणि 'काल रात्री शिवारात वाघ आला म्हणे' ही तीन वाक्ये पाहावीत. पहिल्याचा आधार प्रत्यक्ष, दुसऱ्याचा अनुमान आणि तिसऱ्याचा शब्द आहे. नैयायिकांच्या चार प्रमाणांपैकी तीन मराठी माणूस आपल्या नित्याच्या बोलण्यात अशा रीतीने वेगवेगळी ठेवतो. गडचिरोलीच्या दक्षिण टोकास, सिरोंचा तालुक्यात बोलल्या जाणाऱ्या तेलुगूत हेच कार्य 'अट' हा प्रत्यय करतो. 'पुलि वच्चिंदट' म्हणजे 'वाघ आला म्हणे'.

मात्र मराठी व्यवस्थेत एक छिद्र आहे. 'म्हणे' हा शब्द ऐच्छिक असल्यामुळे तो गाळला तरी वाक्य शुद्धच राहते. ज्याने केवळ ऐकले आहे तोही 'वाघ आला' असे म्हणू शकतो आणि त्यास कोणी खोटे बोलणारा म्हणत नाही. वार्ता एका तोंडून दुसऱ्या तोंडी जात असता प्रथम हा लहानसा शब्द गळतो. मग ऐकीव गोष्ट पाहिलेल्या गोष्टीच्या रूपाने फिरू लागते. अफवेचे व्याकरण एवढेच आहे.

३. शब्दाकडून अनुमानाकडे

या तीन प्रमाणांच्या दृष्टीने 'ब्लेअर विच' या चित्रपटाची रचना पाहिली असता तिच्यातील भयाचे रहस्य पुष्कळ अंशी उलगडते.

प्रारंभी पडद्यावर एवढेच निवेदन येते की, १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये बर्किट्सव्हिल या गावाजवळच्या अरण्यात तीन विद्यार्थी नाहीसे झाले आणि एका वर्षाने त्यांचे चित्रण सापडले. त्यानंतर हे विद्यार्थी गावकऱ्यांच्या मुलाखती घेताना दिसतात. गावकरी जे सांगतात ते सर्व ऐकीव आहे. कोणाच्या आजीने सांगितलेले, कोणी लहानपणी ऐकलेले, कोणी अर्धवट आठवणारे. त्यांच्या कथनांत परस्परविरोध आहेत. स्वीडिश लोकविद्याविशारद सी. डब्ल्यू. फॉन सिडो यांनी १९३४ साली लोककथांत स्वानुभवकथन आणि प्रचलित आख्यायिका असा जो भेद केला, त्यातील दुसऱ्या कोटीची ही सामग्री आहे. प्रेक्षक ती काहीशा हसतच ऐकतो, कारण प्रत्येक वाक्यामागचा 'म्हणे' त्यास ऐकू येत असतो.

दुसरा टप्पा अनुमानाचा. विद्यार्थी अरण्यात शिरतात, वाट चुकतात, नकाशा गमावतात. पहाटे उठून पाहतात तो तंबूबाहेर दगडांचे लहान ढीग रचलेले असतात. पुढे झाडांना काटक्यांच्या मनुष्याकृती टांगलेल्या आढळतात. रात्री दूरवर आवाज येतात. एक सोबती नाहीसा होतो आणि मागाहून काटक्यांच्या मोळीत रक्ताने माखलेल्या चिंधीत गुंडाळलेले दात मिळतात. ही सर्व लिंगे आहेत. साध्य कोठेच नाही. धूर दिसतो, अग्नी दिसत नाही. ताडोब्याच्या रानात फिरलेल्या मनुष्यास ही मनोवस्था चांगली परिचित असेल. वाघ दिसण्यापूर्वी त्याचा माग दिसतो, वानराचा खकाणा ऐकू येतो, चितळ ओरडते आणि मग रान एकाएकी गप्प होते. प्रत्यक्ष वाघ दिसला म्हणजे भीतीस निदान एक दिशा मिळते. तो दिसेपर्यंत ती सर्व दिशांना असते.

तिसरा टप्पा प्रत्यक्षाचा असावयास हवा. चित्रपटाने तो दिलेला नाही. अखेरच्या दृश्यात एका पडक्या घराच्या तळघरात एक तरुण भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात निश्चल उभा दिसतो. लगेच कॅमेरा जमिनीवर पडतो आणि चित्रपट संपतो. पाठमोऱ्या उभ्या असलेल्या मनुष्यात स्वतःचे असे भयावह काहीच नाही. परंतु प्रारंभीच्या मुलाखतींत एका गावकऱ्याने सांगितलेले असते की, एक खुनी मुलांना जोडीजोडीने तळघरात नेई आणि एकास मारीत असता दुसऱ्यास कोपऱ्यात तोंड करून उभे करी. प्रेक्षकाने हसून सोडून दिलेले ते ऐकीव वाक्य या क्षणी त्याच्या मनात परत येते आणि त्यातील 'म्हणे' गळून पडतो. पडद्यावर काहीही घडत नाही. घडते ते प्रेक्षकाच्या मनातील एका वाक्याच्या रूपात. शब्दप्रमाणाचे अकस्मात प्रत्यक्षात परिवर्तन होणे, हाच या चित्रपटातील भयाचा परमोच्च बिंदू होय. म्हणून जो प्रेक्षक ती मुलाखत लक्षपूर्वक ऐकत नाही, त्यास हा शेवट निरर्थक वाटतो.

४. यंत्र साक्षी आणि दारिद्र्य प्रमाण

या प्रकारात अल्प खर्च ही उणीव नसून अर्थवाहक खूण आहे. सुस्पष्ट, स्थिर आणि सुंदर प्रकाशातील दृश्य पाहताना प्रेक्षकास नकळत कळत असते की येथे दिवे लावणारा, कॅमेरा मांडणारा आणि 'पुन्हा एकदा' म्हणणारा कोणीतरी आहे. दृश्याची सफाई ही निवेदकाच्या उपस्थितीची साक्ष असते. उलट चित्र हलले, चेहरा चौकटीबाहेर गेला, आवाज तुटला, की या सर्व गोष्टी 'हे कोणी रचलेले नाही' असे सांगू लागतात. भाषेत जे कार्य साक्ष्यदर्शक प्रत्यय करतो, ते येथे चित्राचा ओबडधोबडपणा करतो.

झाडीपट्टीतील रंगभूमीशी तुलना केल्यास हा मुद्दा अधिक विशद होईल. वडसा-देसाईगंज हे जिचे प्रमुख केंद्र, ती नाटके सुगीनंतरच्या हिवाळ्यात गावोगावी रात्रभर चालतात. तेथे रंगमंचावर भूत आले तर प्रेक्षक दचकतो, ओरडतो आणि पुन्हा सावरून बसतो. पडदा, पेटी, तबला, रंगविलेले चेहरे या सर्वांनी 'हे नाटक आहे' असे विधान आधीच केलेले असते आणि त्या चौकटीत भय सुरक्षित राहते. सापडलेल्या चित्रणाचा भयपट नेमकी ही चौकट काढून घेतो.

ती काढून घेण्यासाठी चित्रपटाबाहेरही भाषेचा वापर झालेला आहे. इटालियन दिग्दर्शक रुज्जेरो देओदातो याच्या १९८० सालच्या 'कॅनिबल होलोकॉस्ट' या चित्रपटाविषयी इतका संशय निर्माण झाला की, नट जिवंत असल्याचे त्यास सिद्ध करावे लागले. 'ब्लेअर विच'च्या तिन्ही नटांनी आपली खरी नावेच पात्रांस दिली होती. ते नाहीसे झाल्याची माहिती संकेतस्थळावरून प्रसृत करण्यात आली आणि त्यांपैकी अभिनेत्रीच्या आईकडे सांत्वनपर पत्रेही आली. विशेषनाम हा भाषेतील सर्वांत बलवान निर्देशक असतो. नाव खरे असेल तर मृत्यूही खरा असावा, असे अनुमान लोकांनी केले.

या संदर्भात ओरेन पेली याचा 'पॅरानॉर्मल अ‍ॅक्टिव्हिटी' हा चित्रपटही विचारात घ्यावा लागतो. पेली याने तो सुमारे पंधरा हजार डॉलरांत स्वतःच्या घरात चित्रित केला. २००७ साली तो प्रथम दाखविला गेला आणि २००९ साली सर्वत्र प्रदर्शित होऊन त्याने १९ कोटी डॉलरांहून अधिक उत्पन्न मिळविले. यात शयनगृहात रात्रभर चालू असलेला एक स्थिर कॅमेरा आहे. एका रात्री झोपलेली स्त्री उठते आणि पतीसमान सोबत्याच्या शेजारी तासन्‌तास नुसती उभी राहते. सकाळी तिला त्याचे काहीच स्मरण नसते. वैयाकरणांनी उपस्थित केलेली निद्रिस्ताची शंका येथे दृश्यरूपाने पुढे येते. कृती स्वतःची, पण कर्त्यास परोक्ष. 'मी रात्री उठले म्हणे' असेच त्या स्त्रीस म्हणावे लागेल आणि हा 'म्हणे' कोणा माणसाच्या शब्दावर नव्हे, तर यंत्राच्या साक्षीवर आधारलेला असेल.

शाकटायनाचा दृष्टांतही येथे लागू पडतो. त्याच्या डोळ्यांसमोरून तांडा गेला आणि मनाने तो टिपला नाही. कॅमेरा हा कायमचा शाकटायन आहे. त्याच्यापुढून सर्व काही जाते, पण त्यास काहीही कळत नाही. मराठीत 'पाहणे' आणि 'दिसणे' यांत जो भेद आहे, त्याच्या भाषेत बोलावयाचे तर कॅमेरा पाहत नाही, त्यास केवळ दिसते. पाहण्याचे काम प्रेक्षकावर येऊन पडते. पडद्यावरील माणसांना जे कळले नाही ते त्यास कळते आणि ते तो कोणास सांगू शकत नाही. या प्रकारातील असहायता ती हीच.

भारतातही हा प्रकार अल्पावधीत रुजला. पवन कृपलानी दिग्दर्शित 'रागिनी एमएमएस' हा हिंदी चित्रपट २०११ साली, तर के. एस. अशोक यांचा '६-५=२' हा कन्नड चित्रपट २०१३ साली प्रदर्शित झाला. दुसऱ्याची कथा अरण्यात गिर्यारोहणास गेलेल्या सहा मित्रांची असून चित्रण खरे असल्याची भूमिका त्यातही घेतलेली होती. पुढील वर्षी त्याचे हिंदी रूपांतरही झाले.

५. चंद्रपूरच्या रानातील चित्रण

येथपर्यंतचा विचार करमणुकीच्या क्षेत्रातील होता. चंद्रपूर जिल्ह्यात मात्र सापडलेले चित्रण ही नित्याची आणि उपयुक्त वस्तू आहे. १९५५ साली स्थापन झालेले ताडोबा राष्ट्रीय उद्यान आणि १९८६ साली घोषित झालेले अंधारी अभयारण्य मिळून झालेल्या व्याघ्रप्रकल्पाचे गाभाक्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे. तेथे आणि भोवतालच्या वनांत झाडांना बांधलेले स्वयंचलित कॅमेरे समोरून जाणाऱ्या प्रत्येक प्राण्याचे चित्र घेतात. २०१८ च्या अखिल भारतीय व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांतून ३,४८,५८,६२३ छायाचित्रे मिळाली. त्यांपैकी वाघांची ७६,६५१ होती. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांची रचना प्रत्येकाची निराळी असल्यामुळे या चित्रांवरून वाघ ओळखता येतो. माणसावर हल्ला करणारा वाघ कोणता, कोणत्या वाघास जेरबंद करावयाचे, हे ठरविण्यास याच चित्रांचा आधार घेतात. अशा चित्रावर माणसाचे आणि वाघाचे, दोघांचेही प्राण अवलंबून असू शकतात.

हा धोका काल्पनिक नाही. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडावयास गेलेल्या तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. तेंदूचा हंगाम हा वनालगतच्या कुटुंबांच्या रोख मिळकतीचा मोठा आधार असतो. त्यामुळे वाघ असल्याची वार्ता खरी की खोटी, हा प्रश्न तेथे कुतूहलाचा नसून त्या दिवशी रानात जावयाचे की नाही, याचा असतो.

या पार्श्वभूमीवर २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये एक चित्रफीत समाजमाध्यमांतून वेगाने पसरली. पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्याने टिपावे तसे तिचे रूप होते. ब्रह्मपुरी येथील वनविश्रामगृहाच्या आवारात बसलेल्या एका माणसावर वाघ झडप घालतो आणि त्यास ओढून नेतो, असे तीत दिसत होते. असा कोणताही प्रसंग घडलेला नाही आणि ती चित्रफीत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने तयार केलेली आहे, असे वनविभागास जाहीर करावे लागले.

या चित्रफितीत सापडलेल्या चित्रणाच्या भयपटाची सर्व लक्षणे आहेत. उंचावरचा स्थिर कॅमेरा, कनिष्ठ प्रतीचे चित्र, निवेदकाचा अभाव, खऱ्या स्थळाचे नाव आणि काही क्षणांतच येणारा शेवट. उणीव एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे चित्रपटगृहाची. 'ब्लेअर विच' पाहणाऱ्याने तिकीट काढलेले असते. कितीही फसला तरी दोन घटकांनंतर तो उजेडात बाहेर येतो. भ्रमणध्वनीवर आलेल्या चित्रफितीस असे दार नसते. शिवाय चित्राचा ओबडधोबडपणा हा सत्यतेचा पुरावा आहे, ही सवय गेल्या पंचवीस वर्षांत याच प्रकारच्या चित्रपटांनी आणि पाळतीच्या कॅमेऱ्यांनी प्रेक्षकास लावली. आता तो ओबडधोबडपणाही यंत्राकडून हवा तसा करवून घेता येतो. दारिद्र्य हे प्रमाण राहिले नाही, तो केवळ एक अलंकार झाला.

याचा परिणाम दुहेरी असतो. खोट्या चित्रफितीने निर्माण होणारे भय हा त्यातील लहान भाग होय. मोठा भाग असा की, वारंवार फसलेला मनुष्य पुढे खऱ्या चित्रासही 'हे बनविलेले असेल' असे म्हणू लागतो. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच येतो, हे विसरून चालणार नाही. वनरक्षकाने पाठविलेले कॅमेऱ्याचे खरे चित्र ज्या दिवशी गावात कोणी खरे मानणार नाही, त्या दिवसाची किंमत तेंदूपाने वेचणाऱ्या स्त्रियांना द्यावी लागेल.

६. चेटकीण कोण?

या विषयाची आणखी एक बाजू आहे आणि ती अधिक अप्रिय आहे. 'ब्लेअर विच'सोबत जो कल्पित इतिहास प्रसिद्ध करण्यात आला, त्यानुसार सर्व अनर्थाचा प्रारंभ १७८५ साली होतो. काही मुलांच्या सांगण्यावरून गाव एका स्त्रीस चेटकीण ठरविते आणि ऐन हिवाळ्यात तिला अरण्यात हाकलून देते. ती तेथेच मेली असे मानले जाते. त्यानंतर गावावर जी संकटे येतात ती तिच्या सूडाची, अशी कथेची धारणा आहे. भयभीत झालेला प्रेक्षक तीन विद्यार्थ्यांसाठी हळहळतो. त्या स्त्रीवरील आरोप खरा होता का, हा प्रश्न त्याच्या मनात येतही नाही, कारण तो आरोप खरा धरल्याशिवाय त्याचे भयच उभे राहत नाही. कथेस चेटकीण हवी असते आणि ती मिळवून देण्याचे काम एक ऐकीव वाक्य करते.

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत हे वाक्य आजही बोलले जाते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात वणी खुर्द येथे जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर चौकात बांधून मारहाण झाली. २०२४ च्या मे महिन्याच्या प्रारंभी गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात बारसेवाडा येथे एक स्त्री आणि एक पुरुष यांना त्याच संशयावरून जाळून ठार मारण्यात आले. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने संमत केलेला जादूटोणाविरोधी कायदा या वेळी अमलात होता. कायद्याने कृतीस शिक्षा होते, पण कृतीपूर्वी गावात फिरलेल्या वाक्यास ती होऊ शकत नाही.

त्या वाक्याचा प्रवास वर सांगितलेल्या मार्गानेच होतो. 'मूल दगावले' हे प्रत्यक्ष असते. 'कोणी काही केले असावे' हे अनुमान असते आणि तेही व्याप्तीवाचूनचे. 'तिने केले म्हणे' हा शब्द असतो. शेवटी 'तिने केले' एवढेच उरते. चार वाक्यांत गाव शोकाकडून हत्येकडे जाते. प्रत्येक पायरीवर व्याकरण शुद्धच असते. हा दोष अरण्यातील गावांचा किंवा एखाद्या जमातीचा मानणे चुकीचे होईल. अमेरिकेत सांत्वनपर पत्रे पाठविणारे लोक सुशिक्षित नागरिक होते आणि ब्रह्मपुरीची चित्रफीत पुढे पाठविणारे हात प्रामुख्याने शहरांतच असणार, असे मानावयास हरकत नाही. अंतर श्रद्धेचे नसून परिणामाचे आहे. एकीकडे पत्र लिहिले जाते, दुसरीकडे माणूस जाळला जातो.

७. समारोप

सापडलेल्या चित्रणाच्या भयपटातील भय हे पडद्यावरील दृश्यात नसून दृश्य आणि वक्ता यांच्या वियोगात असते, असा या विवेचनाचा निष्कर्ष आहे. दिग्दर्शक वक्त्यास नाहीसा करतो, म्हणून विधान परोक्ष असूनही प्रत्यक्षासारखे भासते. कला म्हणून ही युक्ती निंद्य नाही. किंबहुना ऐकणे, तर्क करणे आणि पाहणे यांतील सीमा किती पुसट आहेत, हे अल्प साधनांत दाखविणारे ते एक उत्कृष्ट उपकरण आहे. 'ब्लेअर विच'मधील चेटकीण कोणी पाहिली, असे विचारले असता आजही पुष्कळ प्रेक्षक क्षणभर 'आपण पाहिली' असे म्हणू पाहतात आणि मग थबकतात. ते थबकणे हीच या चित्रपटाची शिकवण आहे.

न्यायव्यवस्थेने हरवलेल्या वक्त्याचा हा प्रश्न आपल्या रीतीने सोडविला आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या साठाव्या कलमाने तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे, असे ठरविले. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या त्रेसष्टाव्या कलमानुसार कोणतेही इलेक्ट्रॉनिक चित्रण पुरावा म्हणून दाखल करताना त्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते. ते कोणत्या यंत्रातून आले, ते यंत्र कोणाच्या ताब्यात होते, हे नमूद करून त्यावर संबंधित व्यक्तीची आणि तज्ज्ञाची सही घ्यावी लागते. चित्रणास नुसते 'सापडून' चालत नाही. 'हे मी सांगतो' असे म्हणणारा एक माणूस त्यामागे उभा असावा लागतो. लुप्त झालेल्या कर्त्यास कायदा वाक्यात परत आणतो.

गावाच्या चावडीवर आणि हातातल्या भ्रमणध्वनीवर असे प्रमाणपत्र मागता येत नाही. तेथे मराठीने आपल्या पदरी घातलेले दोन अक्षरांचे साधनच उपयोगी पडेल. व्याकरणे 'म्हणे' या शब्दास एखाद्या ओळीत अव्यय म्हणून नोंदवून पुढे जातात. तो शब्द वाक्यास जोडलेला असेपर्यंत ऐकणाऱ्यास 'कोण म्हणे?' असे विचारता येते. तो गळला की विचारावयास कोणी उरत नाही. एटापल्लीच्या रानात आणि ब्रह्मपुरीच्या वेशीवर हा प्रश्न वेळेवर विचारला जाणे, हे तेथील माणसांच्या जीविताशी निगडित आहे. त्या प्रश्नाचे व्याकरण नीट समजावून देणे, हे भाषेच्या अध्यापकाचे काम आहे.